नवसाचे रोडगे आणि माझा चमचा

आमच्या कारंज्यात खाणारे पुष्कळ आहेत, खाण्याबद्दल बोलणारे त्याहून जास्त. पण खाण्याबद्दल लिहिणारा मी एकटाच, असा माझा समज होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मोबाइलवर माझं एक पान आहे. त्यावर मी जेवणाचे फोटो टाकतो आणि खाली चार ओळी लिहितो. सुरुवातीला 'आज वांग्याचं भरीत, झकास' एवढंच असायचं. मग मोठमोठ्या शेफ लोकांचे व्हिडिओ पाहणं वाढलं आणि माझ्या भरतात 'धुराची हळुवार कुजबुज' ऐकू यायला लागली. बायको म्हणाली, भरीत काही बोलत नाही, तुम्हीच बोलता, आणि तेवढ्यात भाकर गार होते.

ती चिडायची त्याला कारण होतं. ताटं वाढली की मी फोटो काढेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा मी घरात नियम केला होता. कधी उजेड कमी पडायचा, कधी वरणावर पापुद्रा धरायचा, कधी कोथिंबीर चुकीच्या बाजूला पडायची. पोरं हात मागे बांधून बसायची. आधी मोबाइलला नैवेद्य, मग आपण, असं बायको म्हणायची, आणि मी ते कौतुक समजायचो.

त्याच दिवसांत मी एक चमचा मागवला. चव पाहण्याचा खास चमचा, लांब दांड्याचा, काळ्या मखमली डबीत बसणारा. खरे जाणकार तो खिशात बाळगतात असं मी पाहिलं होतं. मी तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लावून कॉलेजात जायला लागलो. एका सहकाऱ्यानं तो थर्मामीटर समजून माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. तेव्हापासून तो मला स्टाफरूममध्ये टाळतो.

अशा तयारीत मी असताना आमच्याकडे खाद्य महोत्सव भरला. भरवला एका दातांच्या डॉक्टरांनी. यात काही गैर नाही, दोन्ही गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत. गावाबाहेरच्या एका लॉनवर जागा ठरली. पुण्याहून एक शेफ येणार होता, तो आपल्या मातीतले पदार्थ जगाच्या पातळीवर नेणार होता. आपले पदार्थ कारंज्याहून जगाच्या पातळीवर जाऊन परत कारंज्यातच येणार होते, आणि आम्ही ते तिकीट काढून खाणार होतो. मला समितीत घेतलं आणि परीक्षकही केलं. त्या आनंदात मी नवं जाकीट शिवलं आणि त्याला चमच्यापुरता वेगळा खिसा ठेवायला लावला. शिंप्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

समितीच्या बैठकीत डॉक्टर म्हणाले की अस्सल वऱ्हाडी असंही काहीतरी एका कोपऱ्यात हवं. कोपरा हा शब्द त्यांचाच. मी रोडगे सुचवले. रोडगा म्हणजे जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेला. राख झटकायची, मुठीनं फोडायचा, तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत हाणायचा. आमच्याकडे नवस फेडायचा तर रोडग्यांचा. शेतात नाही तर देवळापाशी चुलींवर भाजीचे मोठाले गंज चढतात आणि सगळं गाव जेवतं. नवस कोणाचाही असो, आमच्या भागात रांधणारी बाई ठरलेली, कामरगावची काकू. साठीची, काटक, मोजकं बोलणारी. तिच्या भाजीबद्दल मी माझ्या पानावर दोनदा लिहिलं होतं. तिला ते माहीत नव्हतं, त्यामुळे तिच्या भाजीत काही फरक पडला नव्हता.

मी कामरगावला तिच्या घरी गेलो तेव्हा ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी महोत्सवाचं सांगितलं. शेफ, स्टेज, बातमी, सत्कार, सगळं सांगितलं. ती सोलत राहिली. किती लोक जेवतील, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, पाचशे. तेव्हा तिचे हात थांबले.

मग तिनं जे सांगितलं ते असं. तिची नात, आठ वर्षांची, पावसाळ्यात तापानं फणफणली. ताप डोक्यात गेला. अकोल्याच्या दवाखान्यात पोरगी बरेच दिवस कोणाला ओळखत नव्हती. तेव्हा काकू गावच्या शिवेवरच्या देवीला, मायला, बोलली होती, पोरगी आपल्या पायानं चालत घरी आली तर पाचशे लोकांना रोडगे जेवू घालीन. पोरगी आली चालत. आता माय वाट पाहत होती आणि पाचशे माणसं जेवू घालणं काकूच्या आवाक्यातलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे नवस रांधले, स्वतःचा हा पहिलाच. त्यात मी दारात येऊन पाचशे म्हणालो. मला मायनंच धाडलं असं तिला वाटलं. माझ्याबद्दल इतका मोठा गैरसमज आजवर कोणाचाच झालेला नाही.

तिला मजुरी नको होती. पीठ, वांगी, तूप, गोवऱ्या समितीच्या, राबणं तिचं, आणि जेवणारे पाचशे मायच्या नावानं जेवणार. एकच अट होती.

"मायले दाखवल्याबिगर कोनी बोट लावाचं नाही," ती म्हणाली. "मी बी चाखत नाही. एकदा उष्टं झालं का मंग ते नुसतं जेवन हाय, नवस नाही. तेवढं तुमी पाहसान का सर?"

"हौ काकू, पाहीन. माह्याकडं लागलं," मी म्हणालो.

यात मला नवं काहीच नव्हतं. नवसाचं रांधणारी बाई मीठसुद्धा चाखत नाही, मुठीनं टाकते, वासावरून ओळखते. नैवेद्याआधी गंजाजवळ घुटमळल्याबद्दल लहानपणी मी आईच्या हातचा मार खाल्ला आहे. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

महोत्सवाच्या दिवशी मी जाकीट घालून नऊ वाजताच हजर झालो. दारात एक बैलगाडी उभी केली होती, तिला चारही बाजूंनी पांढरा रंग दिला होता आणि बैल नव्हते. आत शिरल्यावर थर्माकोलची चूल, तिच्यात तांबडा दिवा. वाढणाऱ्या पोरांना जीनच्या पँटवरून धोतर नेसवलं होतं, ते सारखं सुटत होतं. आजूबाजूच्या चार खेड्यांत धोतर नेसणारी दहा माणसं त्या वेळी शेतात होती. त्यांच्यापैकी एकाला बोलावून नेसवून घ्यावं, हे कोणाला सुचलं नाही. समितीत मीही होतो, मलाही सुचलं नाही.

शेफचे पदार्थ काय वर्णावेत! टोपणाएवढ्या ग्लासात झुणका, वर भाकरीची इतकी पातळ चकती की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसावा. काळ्या पाटीवर ठेच्याचे तीन ठिपके. अंबाडीच्या भाजीचा फेस. पुरणपोळी उलगडून ग्लासात भरलेली, म्हणजे खाली पोळीचा चुरा, मध्ये पुरण, वर तुपाचा गोठवलेला खडा. जी माणसं सकाळी घरून झुणका-भाकर खाऊन निघाली होती तीच डोळे मिटून त्या ग्लासात चमचे घालत होती. मेडशीहून आलेला माझा मेव्हणा, घरी चांगली दहा एकर तूर, कॉफीच्या कपातून 'तुरीचं हलकं सार' पीत मान डोलवत होता. मी त्याला म्हणालो, हे वरणाचं पाणी आहे. तो म्हणाला, तसं नाही, याच्यात काहीतरी वेगळं आहे. वेगळा तो कप होता. पण मी कोणत्या तोंडानं हसू? अंबाडीच्या फेसाबद्दल मी तोवर दोनशे शब्द लिहून मोकळा झालो होतो.

खऱ्या चुलीला पुढे जागा नव्हती. धुरानं पाहुण्यांचे डोळे चुरचुरतील असं डॉक्टरांचं मत पडलं, म्हणून काकूला लॉनच्या मागे, जनरेटरच्या आणि भांडी घासायच्या जागेच्या मध्ये बसवलं होतं. ती पहाटेच येऊन लागली होती. गोवऱ्यांचा लांब आर पेटवला होता, त्यात रोडगे पुरले होते, आणि बाजूला तीन दगडांवर वांग्याच्या भाजीचा एकच मोठा गंज रटरटत होता. कामरगावच्या दिशेला तोंड करून तिनं एक पाट मांडला होता. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, पळसाच्या पानांची पत्रावळ धुऊन ठेवलेली.

पाटाशेजारी उलट्या घमेल्यावर तिची नात बसली होती. पिवळा नवा फ्रॉक, आणि आजारात काढलेले केस आता कुठे बोटभर वाढलेले. जिच्यासाठी नवस बोलला ती नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घेत नाही, अशी रीत. पोरगी सकाळपासून तशीच होती. पुढच्या बाजूनं तळणीचे, भाजणीचे, लोण्याचे वास येत होते, अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवशी तिथं जितकं खाणं होतं तितकं कुठंही नसेल, आणि ती पाटाकडे पाहत बसली होती. भूक लागली का, मी विचारलं. तिनं नुसती मान हलवली. मग मी काकूला सांगितलं की मी इथंच उभा राहतो, तुम्ही निर्धास्त असा.

साडेबाराच्या सुमाराला भाजी झाली. सोबतच्या दोघी बाया आरातून रोडगे काढून पोत्यावर राख झटकत होत्या. काकू हातपाय धुवायला नळावर गेली, आता आली की नैवेद्य. तेवढ्यात शेफ मागच्या बाजूला आला. त्याच्यामागे मोबाइल धरलेला एक जण, चित्रीकरणासाठी. शेफ गंजावर वाकला, त्यानं मोठा श्वास घेतला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही इथले एक्सपर्ट. पहिली टेस्ट तुमची."

एक्सपर्ट! इतकी वर्षं लिहितो आहे, बायकोनं नाही, पोरांनी नाही, पानावरच्या कोणीही मला तसं म्हटलं नव्हतं. आता पुण्याचा माणूस म्हणत होता आणि समोर कॅमेरा चालू होता. माझा हात जाकिटाच्या त्या खास खिशात गेला. डबी उघडली. चमचा वाफेत शिरला, रश्शात बुडला, वर आला. मी त्यावर फुंकर मारली आणि डोळे मिटले. डोळे मिटण्याचा सराव मी आरशासमोर केलेला होता.

भाजी कशी होती? तशी भाजी मी जन्मात खाल्ली नाही. मी म्हणालो, "अप्रतिम." पण नुसतं अप्रतिम तर कोणीही म्हणतो. परीक्षकाला काहीतरी उणं काढता आलं पाहिजे, नाही तर त्याच्यात आणि पोट भरणाऱ्यात फरक काय? म्हणून मी तोच चमचा पुन्हा गंजात घातला, पुन्हा तोंडात घातला, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "मीठ मात्र किंचित कमी आहे."

मीठ कमी नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा पोरगी माझ्याकडे पाहत होती. रोडगे झटकणाऱ्या बायांचे हात थांबले होते. आणि नळाकडून काकू ओल्या पावलांनी येत होती.

तिला कोणी काही सांगायच्या आधीच कळलं असावं. तरी तिनं विचारलं, कोणी चाखलं का. शेफ बिचारा खुशीत होता. सरांनी चाखलं, सरांना फार आवडलं, फक्त मीठ थोडं कमी आहे म्हणतात, असं त्यानं सांगून टाकलं. काकूनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, काकू, चुकलो. एवढंच. नवस परत आला नसता, पण माणूस तरी राहिलो असतो. कॅमेरा चालू होता. मी म्हणालो, "हो, किंचित." तेही तिच्याशी कधी न बोललेल्या, पुण्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मराठीत.

"मंग टाका," ती म्हणाली आणि मिठाचा डबा माझ्यापुढे धरला.

किती टाकू, मी विचारलं.

"तुमी चाखलं सर. मी कुटं चाखलं? तुमालेच मालूम."

पाचशे पानांच्या गंजात मीठ घालायचा मला अनुभव नव्हता. मला घरच्या वरणातही कोणी घालू देत नाही. मी एक मूठ टाकली. कॅमेऱ्यात ती फार लहान दिसली असावी असं वाटून दुसरी टाकली. शेफनं टाळी वाजवली. तोवर काकूनं पाट उचलला, हळदकुंकू पदराच्या टोकाला बांधलं, पत्रावळ घडी करून पिशवीत ठेवली, आणि नातीजवळ वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मग ती पळी घेऊन गंजाजवळ उभी राहिली आणि पुढच्या लोकांना बोलवा, असं बायांना म्हणाली.

लोक आले. भाजी खारट झाली होती, एका घासात कळावं इतकी. पण खारट आहे असं म्हणायला पहिला कोण होणार? समोर परीक्षक उभा, शेफ उभा. एकानं धीर करून म्हटलं की चव जरा ठसठशीत आहे. शेफ म्हणाला, यालाच बोल्ड म्हणतात. मग काय, रांगेत सगळ्यांनाच ती बोल्ड लागायला लागली. लोक बोल्ड म्हणत होते आणि पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडत होते. मेव्हण्यानं तीन बाटल्या संपवल्या आणि असं अस्सल गेल्या कित्येक वर्षांत खाल्लं नाही म्हणाला.

बायकोनं एक घास खाल्ला, पत्रावळ खाली ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"मीठ कोनं टाकलं?"

मी म्हणालो, असेल काकूंचा अंदाज चुकला.

"तिचा हात चुकत नाही," बायको म्हणाली. "कोनं टाकलं?"

ती माझ्या जाकिटाच्या खिशाकडे पाहत राहिली. डबीचं झाकण उघडंच होतं.

बक्षीस काकूलाच मिळालं. निकाल मीच जाहीर केला. परंपरा, माती, आजीच्या हातची ऊब असे सगळे शब्द मी वापरले, पाठच होते. डॉक्टरांनी तिला शाल पांघरवली, दाताच्या आकाराची आपल्या दवाखान्याची भेटवस्तू दिली आणि चवीचं रहस्य सांगा म्हणून काकूपुढे माइक धरला.

"मीठ सरायच्या हातचं हाय," ती म्हणाली.

लोकांना तो तिच्या मनाचा मोठेपणा वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको टाळ्या वाजवत नव्हती, हे मला स्टेजवरून स्वच्छ दिसलं.

चारच्या सुमाराला मी मागच्या बाजूला गेलो. गंज घासून टेम्पोत चढवला होता. शाल आणि तो चिनीमातीचा दात काकूनं बायांपैकी एकीला देऊन टाकला होता. तिथं कॅमेरा नव्हता, म्हणून मला माफी मागता आली. चुकलो म्हणालो. मग लगेच वकिली सुरू केली, कारण नुसती माफी मला जमत नाही. भाजी उष्टी झाली हे खरं, पण रोडग्यांना तर कोणी शिवलं नव्हतं, एक रोडगा दाखवला असता तर चाललं नसतं का, असं मी विचारलं.

"मायले कोरडा रोडगा देऊ?" काकू म्हणाली. चिडून नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

मी म्हणालो, पुन्हा करू, सगळं मी आणून देतो, पाचशे माणसंही मी जमवतो. ती म्हणाली, नवस माझा आहे, तुम्ही कायले आणून देता. आता सुगी झाली की पाहीन, थोडे थोडे करून फेडीन. माय काही पळून जात नाही. आणि ती टेम्पोच्या मागच्या फळीला दोरी बांधायला लागली.

पोरगी अजून त्या उलट्या घमेल्यावरच बसली होती. मला राहवलं नाही. मी धावत पुढे गेलो आणि शेफच्या टेबलावरून त्या उलगडलेल्या पुरणपोळीचा शेवटचा ग्लास घेऊन आलो. तूप अजून गोठलेलंच होतं. तिच्यापुढे धरला. काकूनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "खाय बाई. आता कायले थांबतं, आज काही होत नाही."

पोरीनं ग्लासाकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. ती उपाशी होती, हे कोणालाही दिसत होतं.

"मायनं खाल्लं नाही अजून," ती म्हणाली, आणि घमेलं उचलून टेम्पोत चढली.

टेम्पो कामरगावच्या रस्त्याला लागून दिसेनासा होईपर्यंत मी ग्लास धरून उभा होतो. मग तो मीच खाल्ला. चांगला होता.